मोटो३

मोटो३ हा मोटारसायकल ग्रां प्री विश्वअजिंक्यपद स्पर्धेतील सर्वांत कमी क्षमतेच्या इंजिनांचा गट आहे. २०१२ च्या हंगामापासून या गटाने १२५ सीसी टू-स्ट्रोक गटाची जागा घेतली. या गटातील मोटारसायकलींना २५० सीसीपर्यंतचे, एकाच सिलिंडरचे, फोर-स्ट्रोक इंजिन वापरावे लागते. मोटो३ नंतर मोटो२ आणि त्यानंतर मोटोजीपी अशी चढती श्रेणी असल्याने बहुतेक चालकांच्या जागतिक कारकिर्दीची सुरुवात या गटात होते. शर्यतीच्या शेवटच्या फेरीपर्यंत टिकणारे मोठे घोळके आणि सेकंदाच्या शतांश भागाने लागणारे निकाल ही या गटाची ओळख आहे.

इंजिनविषयक नियम बदलल्यामुळे स्पर्धेचे स्वरूप कसे बदलते, याचे मोटो३ हे ठळक उदाहरण मानले जाते. मुंबईस्थित महिंद्रा समूहाच्या महिंद्रा रेसिंग या संघामुळे या गटाच्या इतिहासात महाराष्ट्रातील उद्योगालाही स्थान मिळाले आहे.

पार्श्वभूमी

मोटारसायकल ग्रां प्री विश्वअजिंक्यपद १९४९ मध्ये सुरू झाले, तेव्हापासून त्यात १२५ सीसी गट होता. सुरुवातीच्या काळात सिलिंडरांच्या संख्येवर बंधन नव्हते. इंजिनाची एकूण क्षमता तीच ठेवून सिलिंडरांची संख्या वाढवली की प्रत्येक दट्ट्या लहान व हलका होतो, त्याचा प्रवास कमी होतो आणि इंजिन अधिक वेगाने फिरवता येते. फेरे वाढले की शक्ती वाढते. या तत्त्वाचा पाठपुरावा करताना १९६० च्या दशकात होंडाने पाच सिलिंडरांचे १२५ सीसी इंजिन बनवले आणि १९६६ चे विजेतेपद लुइजी ताव्हेरी याने त्याच्या बळावर मिळवले. यामाहा आणि सुझुकी यांनी चार सिलिंडरांची टू-स्ट्रोक इंजिने तयार केली. तांत्रिकदृष्ट्या हा काळ विलक्षण होता, परंतु अशी यंत्रे बनवणे दोन-तीन मोठ्या कंपन्यांनाच शक्य होते. होंडाने १९६७ नंतर स्पर्धेतून माघार घेतली. पुढे या गटात जास्तीत जास्त दोन सिलिंडरांची मर्यादा घालण्यात आली.

दोन सिलिंडरांच्या काळातही वर्चस्वाचा प्रश्न सुटला नाही. १९८२ ते १९८७ या सलग सहा वर्षांत विजेतेपद गारेल्ली या इटालियन कंपनीच्या मोटारसायकलींनाच मिळाले. १९८८ पासून १२५ सीसी गट एका सिलिंडरपुरता मर्यादित करण्यात आला. त्या वर्षी स्पेनचा होर्हे मार्टिनेझ 'आस्पार' हा डर्बी मोटारसायकलीवर विजेता ठरला. नियम बदलताच एका कंपनीची सद्दी संपल्याचे हे या गटातील एक सुस्पष्ट उदाहरण होय.

फोर-स्ट्रोककडे वाटचाल

टू-स्ट्रोक इंजिनात क्रँकशाफ्टच्या प्रत्येक फेऱ्यात एकदा इंधनाचे ज्वलन होते, तर फोर-स्ट्रोकमध्ये दोन फेऱ्यांत एकदा. त्यामुळे समान क्षमतेचे टू-स्ट्रोक इंजिन अधिक शक्ती देते. त्याची रचना साधी असते आणि ते वजनानेही हलके असते. मात्र त्यात इंधनाबरोबर वंगणतेलही जळते आणि काही इंधन न जळताच बाहेर पडते. प्रदूषणाचे नियम कडक होत गेले, तशी रस्त्यावरील वाहनांतून टू-स्ट्रोक इंजिने मागे पडली. जी इंजिने बाजारात विकायची नाहीत, त्यांच्या संशोधनावर शर्यतींसाठी खर्च करण्यात कंपन्यांना स्वारस्य उरले नाही.

याचा परिणाम स्पर्धेच्या तिन्ही गटांवर झाला. सर्वोच्च गटात २००२ पासून ५०० सीसी टू-स्ट्रोकच्या बरोबरीने ९९० सीसी फोर-स्ट्रोक इंजिनांना परवानगी मिळाली आणि हा गट मोटोजीपी या नावाने ओळखला जाऊ लागला. २०१० मध्ये २५० सीसी गटाची जागा मोटो२ ने घेतली. १२५ सीसी हा टू-स्ट्रोकचा शेवटचा बालेकिल्ला २०११ पर्यंत टिकला. तोपर्यंत या गटातील बहुतांश मोटारसायकली एप्रिलिया आणि त्याच उद्योगसमूहातील डर्बी यांच्याच होत्या. शेवटचा १२५ सीसी विश्वविजेता स्पेनचा निकोलास तेरोल ठरला. या गटाची अखेरची शर्यत ६ नोव्हेंबर २०११ रोजी वॅलेन्सिया येथे झाली आणि ती माव्हेरिक व्हिन्यालेसने जिंकली.

मोटो३ ची पहिली शर्यत ८ एप्रिल २०१२ रोजी कतारमध्ये झाली. होंडा इंजिन बसवलेल्या एफटीआर मोटारसायकलीवर व्हिन्यालेसनेच ती जिंकली. एका युगाची शेवटची आणि दुसऱ्या युगाची पहिली अशा दोन्ही शर्यती एकाच चालकाच्या नावावर आहेत.

इंजिनाचे नियम

मोटो३ ची नियमावली दोन उद्दिष्टे डोळ्यांसमोर ठेवून आखली गेली: इंजिनांमधील तफावत कमी करणे आणि संघांचा खर्च आटोक्यात ठेवणे. त्यातील प्रमुख तरतुदी पुढीलप्रमाणे आहेत.

• इंजिन: एक सिलिंडर, फोर-स्ट्रोक, कमाल क्षमता २५० सीसी. टर्बो किंवा सुपरचार्जर वापरता येत नाही.
• बोअर: सिलिंडरचा आतील व्यास जास्तीत जास्त ८१ मिलिमीटर.
• फेरे: सुरुवातीला मिनिटाला कमाल १४,०००. २०१५ पासून ही मर्यादा १३,५०० करण्यात आली.
• इलेक्ट्रॉनिक नियंत्रण: आरंभी सर्वांना डेलॉर्टो कंपनीचा एकसमान नियंत्रण संच बंधनकारक करण्यात आला.
• किंमत: आरंभी इंजिनाची कमाल किंमत १२,००० युरो ठरवण्यात आली.
• वजन: चालक आणि मोटारसायकल यांच्या एकत्रित वजनाची किमान मर्यादा. ती सुरुवातीला १४८ किलोग्रॅम होती, नंतर १५२ किलोग्रॅम करण्यात आली.

या तरतुदींपैकी बोअरची मर्यादा वरवर किरकोळ वाटते, परंतु तिचे महत्त्व मोठे आहे. क्षमता ठरलेली असताना सिलिंडर जितका रुंद, तितका दट्ट्याचा प्रवास, म्हणजे स्ट्रोक, कमी होतो. झडपांसाठी जागाही अधिक मिळते. त्यामुळे इंजिन अधिक वेगाने फिरू शकते व श्वासही मोकळा घेते. बोअर ८१ मिलिमीटर धरल्यास २५० सीसी इंजिनाचा स्ट्रोक सुमारे ४८.५ मिलिमीटर येतो. बोअर वाढवता येत नसल्याने अतिशय आखूड स्ट्रोकची महागडी इंजिने बनवण्याचा मार्ग बंद होतो आणि सर्व कंपन्यांना जवळपास एकाच आकाराच्या चौकटीत काम करावे लागते.

२०१२ मध्येच मोटोजीपी गटासाठी १००० सीसी, कमाल चार सिलिंडर आणि ८१ मिलिमीटर बोअर हा नियम लागू झाला. म्हणजेच मापांच्या दृष्टीने मोटो३ चे इंजिन हे मोटोजीपी इंजिनाचा नेमका चौथा हिस्सा ठरते. लहान गटातील प्रयोगांचा अनुभव मोठ्या गटात उपयोगी पडावा, अशी सोय त्यातून साधली गेली.

फेऱ्यांच्या मर्यादेमागील कारणही असेच आहे. इंजिनाची शक्ती ही पीळबल आणि फेऱ्यांचा वेग यांच्या गुणाकारावर अवलंबून असते. फेऱ्यांना मर्यादा नसेल तर प्रत्येक कंपनी ते वाढवण्यामागे लागते, त्यासाठी दुर्मीळ धातू व खर्चिक झडपयंत्रणा वापरावी लागते आणि इंजिनाचे आयुष्य घटते. मर्यादा घातल्यावर स्पर्धेचा रोख कमाल शक्तीकडून मधल्या फेऱ्यांतील पीळबल, घर्षण कमी करणे आणि सांगाड्याची रचना यांकडे वळतो.

स्पर्धेवरील परिणाम

घोळक्यातील शर्यती

मोटो३ मोटारसायकलींची शक्ती मर्यादित असल्याने सरळ मार्गावरील वेगात हवेच्या विरोधाचा वाटा फार मोठा असतो. पुढच्या चालकाच्या मागे, म्हणजे स्लिपस्ट्रीममध्ये राहिल्यास हा विरोध कमी होतो आणि मागचा चालक कमी शक्तीत तोच वेग गाठतो. सरळ मार्गाच्या शेवटी तो बाजूला होऊन पुढे जाऊ शकतो. इंजिनांमध्ये फारसा फरक नसल्याने आघाडीवरील चालकाला हा फायदा भरून काढण्याइतकी जादा शक्ती उपलब्ध नसते. त्यामुळे एकट्याने पुढे निघून जाणे कठीण होते आणि दहा-पंधरा चालकांचा घोळका अखेरपर्यंत एकत्र राहतो. इटलीतील मुजेल्लो आणि ऑस्ट्रेलियातील फिलिप आयलंड यांसारख्या वेगवान सर्किटांवर हे प्रकर्षाने दिसते. तेथे शेवटच्या वळणातून सर्वांत आधी बाहेर पडणारा चालकच जिंकेल याची खात्री नसते.

विजेतेपदाची चुरस

गटाच्या पहिल्या काही हंगामांतच विजेतेपदाच्या चुरशीचे दोन लक्षणीय प्रसंग घडले. २०१३ मध्ये वॅलेन्सियातील शेवटच्या शर्यतीआधी लुईस सालोम, माव्हेरिक व्हिन्यालेस आणि अ‍ॅलेक्स रिन्स हे तिघे अवघ्या पाच गुणांच्या अंतरात होते. शर्यत जिंकून व्हिन्यालेस विश्वविजेता झाला. २०१४ मध्ये होंडाच्या अ‍ॅलेक्स मार्केझने केटीएमच्या जॅक मिलरला दोन गुणांनी मागे टाकले.

मात्र चालकांमधील चुरस आणि कंपन्यांमधील चुरस या दोन वेगळ्या बाबी आहेत. २०१३ च्या ज्या हंगामात तिघांची लढत शेवटच्या शर्यतीपर्यंत गेली, त्याच हंगामातील सर्वच्या सर्व १७ शर्यती केटीएमने जिंकल्या. होंडाने सुरुवातीला संघांना विकत घेता येईल असे तुलनेने साधे इंजिन पुरवले होते, तर केटीएमने केवळ शर्यतीसाठी संपूर्ण मोटारसायकल विकसित केली होती. होंडाने २०१४ मध्ये अधिक प्रगत यंत्र मैदानात उतरवल्यावर ही दरी बुजली. किंमत आणि बोअर यांवर बंधन असूनही पैसा व तज्ज्ञता यांचा प्रभाव पूर्णपणे पुसला गेला नाही, हे यातून दिसून येते. पुढच्याच वर्षी फेऱ्यांची मर्यादा खाली आणण्यात आली.

नियमांमुळे यंत्रे समान झाली तरी निकाल समान होतातच असे नाही. २०२४ मध्ये कोलंबियाच्या डेव्हिड आलोन्सोने एकाच हंगामात १४ शर्यती जिंकल्या. त्याच्या मागे असलेल्या अनेक चालकांकडे मूलतः तेच केटीएम बनावटीचे यंत्र होते.

महिंद्रा रेसिंग

महिंद्रा समूहाने २००८ मध्ये पुण्याच्या फिरोदिया कुटुंबाच्या कायनेटिक मोटर कंपनीचा दुचाकी व्यवसाय विकत घेऊन या क्षेत्रात प्रवेश केला. त्याच सुमारास समूहाने इटलीतील एंजिन्स एंजिनिअरिंग या अभिकल्प कंपनीतही भागीदारी घेतली. २०११ मध्ये महिंद्राने १२५ सीसी विश्वअजिंक्यपदात संघ उतरवला. ग्रां प्री मोटारसायकल शर्यतीत उतरणारी ती पहिली भारतीय उत्पादक कंपनी होय. डॅनी वेब आणि मार्सेल श्रोटर हे संघाचे चालक होते. १२५ सीसी गटाचे हे अखेरचे वर्ष होते. एप्रिलियाच्या अनेक वर्षांच्या अनुभवापुढे नवख्या कंपनीला संधी अल्प होती. परंतु पुढच्या वर्षी सर्वांनाच कोऱ्या पाटीवर सुरुवात करावी लागणार होती आणि नियमबदलाचा हा क्षण नव्या कंपनीला अनुकूल मानला गेला. हंगामाच्या शेवटच्या शर्यतीत, वॅलेन्सिया येथे, वेबने पात्रता फेरीत अव्वल स्थान मिळवले.

प्रत्यक्षात २०१२ चा पहिला मोटो३ हंगाम महिंद्रासाठी निराशाजनक ठरला. एमजीपी३ओ या मोटारसायकलीचे इंजिन प्रतिस्पर्ध्यांच्या तुलनेत कमकुवत होते. २०१३ मध्ये स्विस कंपनी सुटर हिच्या सहकार्याने मोटारसायकल नव्याने तयार करण्यात आली. मिगेल ओलिव्हेरा या पोर्तुगीज चालकाने त्या वर्षी मलेशियातील सेपांग येथे तिसरे स्थान मिळवून महिंद्राला पहिल्यांदा विजयमंचावर नेले. २०१४ मध्ये ब्रॅड बाइंडरने जर्मनीतील शर्यतीत दुसरा क्रमांक पटकावला.

पुढील टप्प्यात महिंद्राने आपल्या मोटारसायकली स्वतंत्र संघांना पुरवण्यावर भर दिला. त्यात १९८८ चा १२५ सीसी विजेता होर्हे मार्टिनेझ याच्या आस्पार संघाचा समावेश होता. २६ जून २०१६ रोजी नेदरलँड्समधील आसेन येथे याच संघाच्या फ्रांचेस्को बान्याइयाने शर्यत जिंकली. भारतीय कंपनीच्या मोटारसायकलीने मिळवलेला हा पहिला ग्रां प्री विजय होता. त्याच वर्षी चेक प्रजासत्ताकातील बर्नो येथे जॉन मॅकफी प्यूजो मोटारसायकलीवर विजयी झाला. ही मोटारसायकल म्हणजे महिंद्राचेच यंत्र होते. महिंद्राने २०१५ मध्ये फ्रान्सच्या प्यूजो मोटोसायकल्स या कंपनीत बहुसंख्य हिस्सा घेतला होता. बर्नोच्या त्याच शर्यतीत महिंद्राचा होर्हे मार्टिन दुसरा आला. हंगामाच्या उत्तरार्धात सेपांग येथे बान्याइयाने दुसरा विजय नोंदवला.

२०१७ चा हंगाम या तुलनेत फिका राहिला. मार्को बेझेक्कीने जपानमध्ये मिळवलेले तिसरे स्थान हे त्या वर्षीचे उल्लेखनीय यश होते. हंगामाच्या अखेरीस महिंद्राने मोटो३ मधून माघार घेतली आणि विद्युत मोटारींच्या फॉर्म्युला ई स्पर्धेवर लक्ष केंद्रित केले.

महिंद्राच्या यंत्रांवर घडलेल्या चालकांची पुढील वाटचाल पाहण्याजोगी आहे. बान्याइया २०२२ व २०२३ मध्ये आणि मार्टिन २०२४ मध्ये मोटोजीपी विश्वविजेता झाला. ओलिव्हेरा, बाइंडर आणि बेझेक्की यांनी मोटोजीपी शर्यती जिंकल्या. २०१७ मध्ये महिंद्राकडून खेळलेले लोरेन्झो दल्ला पोर्ता आणि आल्बर्ट आरेनास हे अनुक्रमे २०१९ व २०२० चे मोटो३ विजेते ठरले. भारतात २०२३ साली बुद्ध आंतरराष्ट्रीय सर्किटवर झालेल्या पहिल्या मोटोजीपी शर्यतीचा विजेताही बेझेक्कीच होता.

महाराष्ट्राशी या गटाचा दुसरा संबंध केटीएममार्फत येतो. पुण्याच्या बजाज ऑटोने २००७ मध्ये या ऑस्ट्रियन कंपनीत १४.५ टक्के हिस्सा घेतला. केटीएमच्या लहान क्षमतेच्या, एका सिलिंडरच्या रस्त्यावरील मोटारसायकली बजाजच्या चाकण येथील कारखान्यात तयार होतात. मोटो३ ची यंत्रे मात्र ऑस्ट्रियातच बनवली जातात. २०२४ च्या अखेरीस केटीएम आर्थिक संकटात सापडली, तेव्हा तिला सावरण्यासाठी बजाजने अर्थसाहाय्य उभे केले.

सुरक्षितता आणि टीका

घोळक्यातील शर्यती प्रेक्षकांना थरारक वाटत असल्या, तरी त्यांचा धोका चालकांना पत्करावा लागतो. घोळक्यात पुढचा चालक पडल्यास मागच्याला त्याला टाळण्यास वेळ मिळत नाही. २९ मे २०२१ रोजी मुजेल्लो येथील पात्रता फेरीत स्वित्झर्लंडचा १९ वर्षांचा जेसन ड्युपास्किए पडला, मागून येणाऱ्या मोटारसायकलींची त्याला धडक बसली आणि दुसऱ्या दिवशी त्याचा मृत्यू झाला. त्याच वर्षी कनिष्ठ पातळीवरील स्पर्धांत १४ वर्षांचा ह्यूगो मिलान आणि १५ वर्षांचा डीन बर्टा व्हिन्यालेस यांनाही प्राण गमवावे लागले. यानंतर विश्वअजिंक्यपदासाठी चालकांचे किमान वय १६ वरून १८ वर्षे करण्याचा निर्णय झाला व तो २०२३ पासून अमलात आला. काही कनिष्ठ स्पर्धांच्या विजेत्यांसाठी त्यात सवलत ठेवण्यात आली.

समान यंत्रांचा आणखी एक परिणाम पात्रता फेरीत दिसतो. स्लिपस्ट्रीमशिवाय चांगली वेळ नोंदवणे अवघड असल्याने अनेक चालक दुसऱ्या कोणाच्या तरी मागे लागण्यासाठी मुद्दाम संथ गतीने चालतात. मार्गावर वेगवान आणि संथ मोटारसायकली एकाच वेळी असल्याने अपघाताची शक्यता वाढते. अशा चालकांना सुरुवातीच्या क्रमवारीत मागे ढकलणे किंवा शर्यतीत लांबच्या वळणाची शिक्षा देणे असे उपाय योजण्यात आले आहेत.

खर्चाबाबतही नियमांचे यश अंशतःच मानले जाते. इंजिनाच्या किमतीला मर्यादा असली तरी सांगाडा, सुटे भाग, चाचण्या आणि प्रवास यांवरील खर्च वाढत गेला. आरंभीच्या हंगामात होंडा व केटीएमखेरीज महिंद्रा, आयोडा अशी नावे स्पर्धेत होती आणि एफटीआर, कालेक्स, सुटर यांसारखे सांगाडे बनवणारे स्वतंत्र उद्योगही होते. महिंद्राच्या माघारीनंतर होंडा आणि केटीएम हे दोनच उत्पादक उरले. हुस्कवार्ना, गॅसगॅस आणि सीएफमोटो या नावांनी उतरलेली यंत्रे मूलतः केटीएमचीच होती. नव्या उत्पादकांना दार उघडून देणारा नियम त्यांना आत टिकवून ठेवू शकला नाही, असा आक्षेप यावरून घेतला जातो.

इतर गटांशी तुलना

चुरस वाढवण्यासाठी तीन गटांत तीन वेगवेगळे मार्ग निवडण्यात आले. मोटो२ मध्ये उत्पादकांची इंजिन-स्पर्धाच रद्द करून सर्वांना एकच इंजिन देण्यात आले: २०१० ते २०१८ होंडाचे ६०० सीसी चार सिलिंडरांचे आणि २०१९ पासून ट्रायम्फचे ७६५ सीसी तीन सिलिंडरांचे. मोटोजीपीमध्ये कंपन्यांना बरेच स्वातंत्र्य आहे. तेथे सुरक्षिततेसाठी २००७ मध्ये क्षमता ९९० वरून ८०० सीसी करण्यात आली. परंतु लहान इंजिने वळणांतून अधिक वेगाने जाऊ लागली, इलेक्ट्रॉनिक साहाय्य वाढले आणि ओव्हरटेकिंग कमी झाल्याची टीका झाली. २०१२ मध्ये क्षमता पुन्हा १००० सीसी झाली. २०२७ पासून ती ८५० सीसी आणि बोअर ७५ मिलिमीटर करण्याचे, तसेच वायुगतिकीय उपकरणांवर मर्यादा घालण्याचे नियम २०२४ मध्ये जाहीर झाले. मोटो३ चा मार्ग या दोहोंच्या मधला आहे: इंजिन कोणीही बनवावे, पण ठरलेल्या चौकटीत.

विश्वविजेते

• २०१२: सँड्रो कोर्टेसे (जर्मनी), केटीएम
• २०१३: माव्हेरिक व्हिन्यालेस (स्पेन), केटीएम
• २०१४: अ‍ॅलेक्स मार्केझ (स्पेन), होंडा
• २०१५: डॅनी केंट (युनायटेड किंग्डम), होंडा
• २०१६: ब्रॅड बाइंडर (दक्षिण आफ्रिका), केटीएम
• २०१७: होआन मीर (स्पेन), होंडा
• २०१८: होर्हे मार्टिन (स्पेन), होंडा
• २०१९: लोरेन्झो दल्ला पोर्ता (इटली), होंडा
• २०२०: आल्बर्ट आरेनास (स्पेन), केटीएम
• २०२१: पेद्रो अकोस्टा (स्पेन), केटीएम
• २०२२: इझान गेवारा (स्पेन), गॅसगॅस
• २०२३: हाउमे मासिया (स्पेन), होंडा
• २०२४: डेव्हिड आलोन्सो (कोलंबिया), सीएफमोटो
• २०२५: होसे अंतोनियो रुएडा (स्पेन), केटीएम

हेही पाहा

• मोटोजीपी
• मोटो२
• महिंद्रा समूह
• बजाज ऑटो
• बुद्ध आंतरराष्ट्रीय सर्किट
• टू-स्ट्रोक इंजिन